शत्रूला मिळालेला मनुष्य

शास्त्रपाठ : यिर्मया ३७:११-१६ व ३८:१-१३



खास्द्यांच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातला होता. मिसराचे सैन्य येत आहे असे कळल्यावर तो वेढा काही दिवस उठला. त्या उसंतीत यिर्मया संदेष्टा आपल्या वाट्याच्या जमिनीच्या कामासाठी बन्यामिनाच्या प्रांताकडे निघाला. वेशीत इरीया नावाचा पहाऱ्याचा नायक होता. त्याने यिर्मयाला धरले आणि तू शत्रूला फितूर होत आहेस असा आरोप ठेवला. हे खोटे आहे असे यिर्मयाने सांगून पाहिले, पण नायकाने ऐकले नाही. सरदारांनी त्याला मारून कोंडले.

पुढच्या अध्यायात हेच सरदार राजाकडे जातात. त्यांची तक्रार नीट वाचावी. यिर्मया खोटे बोलतो असे ते म्हणत नाहीत. त्याच्या बोलण्याने लढणाऱ्यांचे हात गळतात, एवढेच त्यांचे म्हणणे. सांगितलेले खरे की खोटे हा प्रश्न त्या दरबारात निघालाच नाही.

विसाव्या शतकात हीच गोष्ट अमेरिकेत घडली, आणि ती बरीचशी मंडळ्यांच्या आत घडली. आपल्यापैकी पुष्कळ मंडळ्यांचे मूळ त्या देशाच्या मिशनकार्यात आहे. १८१३ साली मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांपासून मराठी मंडळीचा इतिहास सुरू होतो. तेव्हा त्यांची कसोटी आपण परक्याची म्हणून बाजूला ठेवू नये.

मार्टिन लूथर किंग हे बॅप्टिस्ट पाळक. १९५९ साली ते भारतात आले होते आणि मुंबईत मणिभवनात, गांधीजींच्या वास्तव्याच्या जागी राहिले होते. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी त्यांनी चालवलेल्या चळवळीमुळे १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा आणि १९६५ चा मतदानाचा कायदा झाला. दोन्हींवर अध्यक्ष जॉन्सन यांची सही होती. याच जॉन्सन यांनी १९६५ मध्ये व्हिएतनामात मोठे सैन्य उतरवले. १९६८ पर्यंत तेथे पाच लाखांहून अधिक अमेरिकन सैनिक होते. ज्याने आपल्या लोकांचे एवढे भले केले त्याच्याच युद्धाविरुद्ध बोलायचे, हा किंग यांच्यापुढचा पेच होता. हा पेच साधा नव्हे. उपकारकर्त्यापुढे खरे बोलणे शत्रूपुढे बोलण्याहून कठीण, हे आपल्यापैकी ज्यांनी देणगीदारांबरोबर काम केले आहे त्यांना ठाऊक आहे.

४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये ते बोलले. सभा व्हिएतनामबद्दल चिंता वाहणाऱ्या पाळकांच्या व साध्या सभासदांच्या एका संघाने बोलावली होती. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : गरिबांच्या सुधारणेसाठी ठेवलेला पैसा युद्ध खाऊन टाकीत आहे, ज्यांना घरी न्याय नाही त्या तरुणांना आपण दूर देशी मरायला पाठवतो, आणि ख्रिस्त ज्यांच्यासाठी मरण पावला त्यांत कम्युनिस्टही आहेत. कम्युनिझमला खरे उत्तर द्यायचे तर ज्या दारिद्र्यात व अन्यायात तो रुजतो ते दूर करावे, असेही ते म्हणाले.

यावर उठलेले वादळ आज वाचताना आश्चर्य वाटते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या दोन्ही मोठ्या पत्रांनी त्यांच्यावर टीकेचे अग्रलेख लिहिले. कृष्णवर्णीयांच्या जुन्या संघटनेच्या, म्हणजे एन.ए.ए.सी.पी.च्या मंडळाने हक्कांची चळवळ युद्धविरोधाशी जोडू नये असा ठराव केला. तरी या टीकाकारांशी वाद घालता येत होता. कम्युनिस्ट हा शिक्का मात्र त्याआधीच तयार होता. १९५७ साली टेनेसीतील हायलँडर या शाळेच्या पंचविसाव्या वाढदिवसाला किंग गेले होते. तेथे मजूर आणि हक्कांचे कार्यकर्ते शिक्षण घेत. त्या सभेतला एक फोटो पुढे दक्षिणेतल्या रस्त्यांवर मोठमोठ्या फलकांवर झळकला, खाली मजकूर असा की किंग कम्युनिस्टांच्या शाळेत शिकत आहेत. बन्यामिनाच्या वेशीतला इरीया तो हाच.

मात्र येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. कम्युनिझमची भीती खोटी नव्हती. रशियात उपासनामंदिरे बंद झाली, पाळक तुरुंगात गेले. १९५४ साली व्हिएतनामचे दोन भाग झाले तेव्हा लाखो लोक उत्तर सोडून दक्षिणेत आले. त्यांतले बहुतेक रोमन कॅथोलिक होते. १९७५ मध्ये कम्युनिस्ट जिंकल्यावर कित्येकांना छावण्यांत डांबण्यात आले आणि कित्येक होड्यांत बसून समुद्रावर गेले. ज्या अमेरिकन ख्रिस्ती माणसाला युद्ध योग्य वाटले तो सैतानाचा हस्तक नव्हता. त्याला युद्धवेडा म्हणून मोकळे होणे, हाही शिक्काच. दोन्हीकडून असे शिक्के बसले, आणि त्याचे पर्यवसान पाहायचे तर १९७० चा मे महिना पाहावा. ४ मे रोजी ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठात राष्ट्रीय रक्षकदलाच्या गोळ्यांनी चार विद्यार्थी मेले. चार दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये निषेध करणाऱ्या मुलांवर इमारतींवर काम करणारे मजूर तुटून पडले. जखमींना जवळच्या ट्रिनिटी चर्चमध्ये नेले, तर तेथली रेड क्रॉसची पताकासुद्धा फाडून काढण्यात आली. एकीकडे मजुरांचे मुलगे लढाईवर होते, दुसरीकडे विद्यार्थ्यांचे सोबती मारले गेले होते. दोघेही दुःखी होते, आणि दोघांनाही एकमेकांचे दुःख दिसत नव्हते.

लोकमताचे काय? ऑगस्ट १९६४ मध्ये अध्यक्षांना मोकळीक देणाऱ्या ठरावाविरुद्ध सिनेटमध्ये फक्त दोन मते पडली, खालच्या सभागृहात एकही नाही. १९६५ च्या उन्हाळ्यात गॅलपच्या पाहणीत सैन्य पाठवणे चूक म्हणणारे चोवीस टक्के होते. ऑगस्ट १९६८ मध्ये ते अर्ध्याहून अधिक झाले. तोवर किंग हयात नव्हते. रिव्हरसाइडच्या भाषणानंतर बरोबर एक वर्षाने, ४ एप्रिल १९६८ रोजी, मेम्फिस येथे त्यांना गोळी घातली गेली. सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला ते तेथे गेले होते.

आता आपल्याकडे वळू. परक्यांचे, परदेशी पैशावरचे, हा शिक्का आपल्याला कोणी समजावून सांगायला नको; तो आपल्या आजोबांनीही सोसला. तरी पंच कमिटीच्या सभेत हिशेबाचा प्रश्न विचारणारा ‘फूट पाडणारा’ ठरतो. मंडळीतल्या जातिभेदावर बोलणारा तरुण ‘लाल’ होतो. सीमाभागातल्या मंडळीत कानडी उपासनेची बाजू घेणारा आपला राहत नाही, आणि तिकडच्यांना मराठीची बाजू घेणाराही तसाच. तो म्हणाला ते बरोबर होते का, हे विचारण्याआधीच त्याला विहिरीत सोडून आपण घरी जेवायला जातो. प्रभूभोजनाच्या रविवारी मात्र तो शेजारच्या बाकावर असतो. निदान त्या रविवारपूर्वी तरी त्याच्या घरी जावे आणि त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकावे, अशी आमची विनंती आहे. पटले नाही तर तसे सांगून यावे.

यिर्मयाला ज्या विहिरीत सोडले तिच्यात पाणी नव्हते, चिखल होता. सिद्कीया राजाला त्याचे बोलणे कळत होते. पण सरदारांच्या भयाने त्याने हात वर केले. एबद-मलेख नावाचा एक कूशी, म्हणजे आफ्रिकेचा मनुष्य, राजवाड्यात चाकरीला होता. शरण जा असे यिर्मया सांगत होता ते एबद-मलेखाला पटले होते की नाही, हे शास्त्र सांगत नाही. त्याने राजापुढे एवढेच मांडले की हे वाईट झाले आहे आणि तो मनुष्य तेथे उपाशी मरेल. मग तीस माणसे घेऊन तो गेला, आणि जाताना खजिन्याखालच्या खोलीतून जुनी लक्तरे व चिंध्या घेऊन गेला.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी हा धडा घेताना वर्गात एक दोर आणि थोड्या चिंध्या जरूर न्याव्यात. मुले विचारतील, दोर आहे तर चिंध्या कशाला? एका मुलाच्या काखेत दोर अडकवून हळूच ओढून दाखवावा, मग चिंध्या घालून पुन्हा ओढावा.