फेअर म्हणजे काय रे भाऊ?

इंग्रज हा मुळात व्यापारी माणूस. एकाच पोत्यात चार प्रकारचा माल भरायची सवय त्याच्या शब्दांतही उतरली आहे. आता 'फेअर' हाच शब्द घ्या. आपली त्याच्याशी पहिली गाठ पडते ती शाळेत. रफ वही आणि फेअर वही. रफ वहीत गणित चुकलं तरी चालतं. फेअर वहीत तेच चुकलेलं गणित वळणदार अक्षरात, लाल शाईचा समास आखून लिहायचं असतं. फेअरचा आणि बरोबर असण्याचा संबंध असलाच पाहिजे असं नाही, हे शिक्षण आपल्याला इतक्या लवकर मिळतं.

पुढे हाच शब्द स्थळांच्या जाहिरातीत भेटतो. 'मुलगी फेअर आहे' असं सांगणाऱ्या काकूंना मुलगी न्यायी आहे असं मुळीच म्हणायचं नसतं. आणि रंगावरून मुलीला नाकारणारी मंडळी स्वतः कितीही गोरी असली तरी फेअर नसतात. पण शब्दाला बोल लावून काय उपयोग? जुन्या इंग्रजीत तो 'सुंदर' या अर्थानेच जन्मला. सुंदर म्हणजे निर्डाग, निर्डाग म्हणजे स्वच्छ, स्वच्छ म्हणजे न्याय्य, असा चढत चढत तो न्यायाच्या ओट्यावर जाऊन बसला. मधेच 'गोरा' हाही अर्थ त्याला चिकटला. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने २०२० साली नावातलं 'फेअर' काढून 'ग्लो' घातलं. शब्द बदलला की समजूत बदलते असं मानणारी माणसं कंपन्यांत असतात. लग्न जमवणाऱ्यांत अजून भेटायची आहेत.

जत्रेलाही इंग्रज फेअरच म्हणतो. हे फेअर मात्र वेगळ्या घराण्यातलं, लॅटिनमधल्या सुट्टीच्या दिवसावरून आलेलं. आणि गाडीभाड्याचं फेअर तर तिसरंच. त्याचं स्पेलिंगही निराळं. पण देवनागरीत सगळे एका पंगतीला. 'रिक्षाचं फेअर फेअर आहे का?' हे वाक्य लिहून पाहा, म्हणजे माझी अडचण कळेल.

आपल्याकडे यासाठी एक छान शब्द आहे, 'रास्त'. फारसीतून आला, अर्थ सरळ. पण आपण त्याला रेशनच्या दुकानाच्या पाटीवर बसवून ठेवला. 'रास्त भाव दुकान' एवढंच त्याचं राज्य. बाकी ठिकाणी आपण 'फेअर' म्हणून वेळ मारून नेतो. एका बाबतीत मात्र मराठी माणसाने इंग्रजाला ठेच लागू दिली नाही. प्रेमात आणि युद्धात सगळं 'फेअर' असं इंग्रज म्हणतो. आपण त्याचं भाषांतर करतो, 'सगळं क्षम्य'! म्हणजे बाबा रे, माफ केलं, पण ते बरोबर होतं असं नाही. केवढा फरक आहे पाहा.

या फरकावरच तर सगळं अडलंय. नियमात बसतं ते फेअर, की आणखी काही लागतं? १९४७ च्या डिसेंबरात सिडनीला विनू मंकडनी चेंडू टाकण्याआधीच क्रीज सोडणाऱ्या बिल ब्राऊनला धावबाद केलं. त्याच दौऱ्यात आधीच्या एका सामन्यात ताकीद देऊन झाली होती. कृती नियमात बसत होती. प्रतिपक्षाचे कप्तान ब्रॅडमन यांनीही मंकडांचीच बाजू घेतली. तरी ओरड अशी झाली, की आमच्या विनूभाईंचं आडनाव इंग्रजीत क्रियापद होऊन बसलं. हा नियम 'अनफेअर प्ले'च्या कलमातून निघून साध्या 'रन आउट'च्या कलमात जायला २०२२ साल उजाडावं लागलं.

तिथे सगळं कायदेशीर असून जग ओरडलं. आता उलटं पाहा. आजोबा गेल्यावर घराच्या वाटणीचा दिवस आला. वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा कायद्याने १९५६ पासून आहे. म्हणूनच आत्याची सही हवी होती, हक्कसोडपत्रावर. वकील कागद सरकवत म्हणाले, "सगळं कसं फेअर अँड स्क्वेअर!" आत्याने चष्मा पुसला आणि वळणदार अक्षरात सही केली. स्टँप होता, साक्षीदार होते, जबरदस्ती कुणाची नव्हती. भावांनी तिला मोतिया रंगाची साडी नेसवली. कुणी ओरडलं नाही. चहा झाला.

जॉन रॉल्स नावाच्या तत्त्ववेत्त्याने १९७१ च्या आपल्या ग्रंथात वाटणीची एक साधी युक्ती दिली आहे: केक ज्याने कापायचा, त्याने तुकडा शेवटी उचलायचा. आपल्या घराघरांत वडी कापताना आया हेच सांगत आल्या आहेत, फक्त त्यांचा ग्रंथ निघाला नाही. ही युक्ती त्या कागदाला लावून बघा. मसुदा करणाऱ्या तिघा भावांना जर आधी सांगितलं असतं, की 'या कागदावर भाऊ कोण आणि बहीण कोण, हे चिठ्ठ्या टाकून ठरणार आहे', तर मसुद्यात एक साडी आणि तीन खोल्या अशी वाटणी आली असती का? माझ्या मते वकीलसाहेबांना टंकलेखकाकडे पुन्हा जावं लागलं असतं.

आत्याला मी पुढे एकदा विचारलंच, "ते रास्त होतं का गं?"

आत्या शेंगा सोलत होती. म्हणाली, "रास्त कुठलं रे? पण सही केली नसती, तर भाऊबीजेला कुठल्या तोंडाने आले असते? माहेरी यायचं भाडं जरा महाग पडलं, झालं."

आत्याला इंग्रजी येत नव्हतं. पण दोन्ही स्पेलिंगमधला फरक तिला वकिलापेक्षा चांगला ठाऊक होता.