नॉर्मल कुणासाठी?

सातवा महिना लागला तरी माझा डॉक्टर ठरत नाहीये. पुण्यात, जिथे प्रत्येक चौकात एक प्रसूतिगृह दिसतं, तिथे हे सांगताना मलाच हसू येतं. अडचण एवढीच, की पहिलं बाळंतपण सिझरचं झालंय आणि दुसरं मला नॉर्मल हवंय. हे बोलून दाखवलं की समोरचे डॉक्टर एकदा फाइलकडे बघतात, एकदा घड्याळाकडे.

'एकदा सिझर, की पुढेही सिझरच' हे आपल्याकडे सासूपासून आयाबाईपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. मूळ म्हणणं १९१६ सालचं, न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन या डॉक्टरांचं. आणि त्यांचा रोख खरं तर 'पहिलं सिझर करताना दहादा विचार करा' असा होता. तेव्हा गर्भाशयावर उभा छेद घेत आणि तो व्रण पुढच्या कळा सोसेल याचा भरवसा नसे. आता छेद खाली आणि आडवा असतो. असं एक सिझर झालेल्या, बाकी सगळं ठीक असलेल्या बाईने कळा येऊ दिल्या, तर चारातल्या साधारण तिघींची नॉर्मल होते. जुना व्रण उसवण्याचा धोका दोनशेत एक. कळा इंजेक्शनने आणल्या किंवा वाढवल्या, तर तो दुप्पट-तिप्पट होतो.

माझी लबाडी इथेच सुरू होते. चारात तिघी हे मी घरीदारी सगळ्यांना सांगते. दोनशेत एक हे कुणी विचारलं तरच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, देशातल्या सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के बाळंतपणं सिझरने झाली आणि खासगीत ४७.४ टक्के. बायकांची शरीरं दवाखान्याच्या पाटीप्रमाणे बदलत नाहीत, त्यामुळे या आकड्यांचा राग यायलाच हवा. मलाही येतो. पण राग आला की माझं काम फार सोपं होतं: आरोपी सापडतो, आणि मी फिर्यादी होऊन बसते.

माझ्या पहिल्या बाळंतपणाचा कागद अजून कपाटात आहे. साताऱ्याला माहेरी झालं ते. रात्रीची नोंद आहे, चार सेंटिमीटर, प्रगती नाही. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, की कळांचा खरा जोर पाच सेंटिमीटरपासून धरावा, आणि तासाला एक सेंटिमीटर हा जुना हिशेब प्रत्येकीला लावू नये. हे वाचलं तेव्हा वाटलं, बघा, आणखी थोडं थांबले असते तर! मग त्या रात्रीचं बाकीचं आठवायला लागलं. बाबा दर थोड्या वेळाने दाराशी येऊन 'अजून किती?' विचारत होते. सासरहून फोन येत होते, 'एवढा वेळ का लागतोय? काही लपवत तर नाहीत ना?' आई नर्सच्या मागे लागली होती, 'पोरीला बघवत नाही हो.' त्या नर्सिंग होममध्ये एकच डॉक्टरीण, एकच ओटी, भूलतज्ज्ञ बाहेरून येणारे. ज्या राज्यात डॉक्टरांना मारहाणीपासून वाचवायला २०१० साली वेगळा कायदा करावा लागला, तिथे मध्यरात्री आणखी चार तास थांबायची जोखीम तिने कुणाच्या जिवावर घ्यायची? आमच्या? आम्ही तर तिला घड्याळ दाखवत होतो. सिझर गरजेचं होतं की नव्हतं, हे त्या कागदावरून कळणार नाही. घाई एकट्या तिची नव्हती, एवढं कळतं.

आता दोन दारं उरली आहेत. पहिल्या मॅडम घराजवळच्या. गोड बोलतात, पाठीवर हात ठेवतात. म्हणाल्या, 'अगं, होईल नॉर्मल, टेन्शन नको घेऊस. बघू आपण.' मी तरंगत बाहेर आले. दुसऱ्या मॅडमनी तोंडदेखलं हसूनही दाखवलं नाही. पहिल्या ऑपरेशनचा कागद मागितला, छेद कसा होता ते वाचलं. म्हणाल्या, 'ट्रायल देऊ. पण बाळाचे ठोके सतत बघावे लागतील. कळा आपणहून आल्या तर उत्तम. इंजेक्शन द्यायचं की नाही ते तेव्हा ठरवू. ओटी, भूलतज्ज्ञ, रक्त, सगळं याच इमारतीत चोवीस तास आहे, म्हणून मी हो म्हणते. आणि मी नसेन तर ड्यूटीवर जी असेल ती बघेल. चालेल?'

मला ते आवडलं नाही. का आवडलं नाही, हे शोधायला दोन-तीन दिवस लागले. मला डॉक्टर नको होत्या, बाजू घेणारी बाई हवी होती. पहिल्या मॅडमकडे भूलतज्ज्ञ फोन केल्यावर येतात, वाटेत सिंहगड रोडची वाहतूक असते, हे मी विचारलंसुद्धा नव्हतं. विचारलं असतं तर ते गोड उत्तर बिघडलं असतं.

आणि नॉर्मल मला हवी तरी कशासाठी? सांगायची कारणं तयार आहेत. लवकर उठता येतं, टाक्यांचं दुखणं नाही, मोठ्याला उचलून घेता येईल. खरी आहेत ती. सिझरवर सिझर होत गेलं की पुढच्या गरोदरपणात वार खाली किंवा व्रणात रुजण्याचा धोका वाढतो, हेही खरं. पण मला तिसरं मूल नकोच आहे, म्हणजे हे कारण माझं नव्हेच. मी ते उसनं आणून वजन वाढवते. खाली तळाशी काय आहे ते मला ठाऊक आहे. बारशाला एक काकू म्हणाल्या होत्या, 'तुला काय, सिझर! कळा काय असतात ते आम्हाला विचार.' सिझरआधी बारा-तेरा तास मी कळाच देत होते. काकूंना हे कोण सांगणार? तर माझ्या दुसऱ्या बाळाने सांगावं, असा माझा बेत दिसतो. पोटातल्या जिवावर हे ओझं टाकताना माझा हात कचरला नाही, हे लिहितानाही बरं वाटत नाही.

इंग्लंडमध्ये श्रूझबरी आणि टेलफर्डच्या सरकारी प्रसूतिसेवेची चौकशी डोना ऑकेंडेन यांनी केली. अहवाल मार्च २०२२ मध्ये आला. कमी सिझर ही तिथे अनेक वर्षं कौतुकाची गोष्ट होती. वेळेत सिझर न झाल्याने काही बाळं गेली, काही आयुष्यभरासाठी अधू झाली. नीट काळजी घेतली असती तर २०१ बाळं वाचली असती किंवा वाचू शकली असती, असं अहवाल म्हणतो. सिझरच्या टक्क्यावरून हॉस्पिटलं जोखणं तिथे त्याच वर्षी थांबवलं गेलं. माझ्या सोयीचं वाचन करता करता हे समोर आलं, आणि मी ते पान मिटून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं.

पण म्हणून टक्का विचारणं मी सोडलेलं नाही. २०१७ साली मुंबईच्या सुबर्णा घोष यांनी हॉस्पिटलांनी सिझरचं प्रमाण जाहीर करावं म्हणून याचिका चालवली होती; ती मागणी आजही रास्तच आहे. दुसऱ्या मॅडमनी आकडा न चिडता सांगितला, तोही थोडाथोडका नव्हता, आणि वर म्हणाल्या, 'आमच्याकडे बाहेरून अडलेल्या केसेस येतात, ते धरून मोजा.' पहिल्या मॅडम म्हणाल्या, 'असं कुठे मोजतं का कुणी?'

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींची सून ससूनला बाळंत झाली. डॉक्टर कोण होते, तिला नाव माहीत नाही. माझ्या या सगळ्या चिकित्सेत पैशाचा वाटा किती, ते तिच्याकडे बघून कळतं.

नाव मी दुसऱ्या मॅडमकडे घातलं. उठता उठता त्यांनी विचारलं, 'मी मध्येच पुरे म्हटलं, तर तुमच्या घरून भांडायला कोण येईल?' मी म्हटलं, कुणी नाही. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, मीच भांडेन. घरी येऊन एक कागद लिहायला घेतलाय. पुढच्या तपासणीला नवरा आणि आई सोबत असतील, त्यांच्यासमोर मॅडमना वाचून दाखवायचाय. ठोके बिघडले किंवा व्रणापाशी दुखायला लागलं, तर माझी समजूत घालत वेळ घालवू नका, एवढं आधी लिहिलंय. कळा वाढवायचं इंजेक्शन देण्याआधी मला सांगा, हे त्याखाली. दाराशी उभं राहून 'अजून किती?' कुणी विचारायचं नाही, ही ओळ बाबांसाठी आहे. काकूंना काय सांगायचं, ते अजून सुचलेलं नाही.