उरलेल्या दिवसांचा धनी कोण?

घरातील एखाद्या स्त्रीस दुर्धर व्याधी जडली म्हणजे ‘तिला काही सांगू नका’ हे वाक्य प्रथम उच्चारले जाते. त्यामागे माया असते, हे आम्ही जाणतो. परंतु मायेपोटी का होईना, दुसऱ्याच्या जीविताचे सत्य आपल्यापाशी दडवून ठेवण्याचा अधिकार आपणांस पोहोचतो काय?

स्तनाच्या कर्करोगाचा ‘ट्रिपल निगेटिव्ह’ हा प्रकार विशेष चिवट. संप्रेरकांवर आधारलेली औषधे त्यास लागू पडत नाहीत. तो पसरल्यावर दीर्घकाळ केमोथेरपी हाच मुख्य आधार होता. आपल्या प्रतिकारक पेशींना आवरून धरणारा पीडी-१ नामक एक लगाम असतो. जपानमधील तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेने तो १९९२ साली उजेडात आणला. कर्करोग हाच लगाम खेचून आपला बचाव साधतो. पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध तो लगाम सैल करते. केमोथेरपीस त्याची जोड देऊन ‘किनोट-३५५’ ही चाचणी ८४७ रुग्णांवर झाली. ज्यांच्या गाठीत पीडी-एल१ हे प्रथिन पुरेसे होते, त्यांचा जगण्याचा मध्यक काळ सुमारे १६ महिन्यांवरून २३ महिन्यांवर गेला, असे २०२२ साली प्रसिद्ध झाले. ज्यांत ते अल्प होते, त्यांस असा लाभ सिद्ध झाला नाही. शिवाय सैल सुटलेल्या पेशी कधी स्वतःच्याच थायरॉईडवर, फुप्फुसांवर वा आतड्यांवर उलटतात, खर्चही मोठा.

हे सात महिने कोणासही निश्चित नव्हेत. कोणास अधिक लाभतील, कोणास मुळीच नाहीत. एकीस त्यांत मुलीचे लग्न पाहावयाचे असेल. दुसरीस सुयांपेक्षा घरची ओसरी प्रिय वाटेल. ही तुलना पती, पुत्र वा वैद्य यांपैकी कोणीही तिच्या वतीने करू शकत नाही. आकडे वैद्याचे, त्यांचे मोल मात्र तिचे.

सत्य ऐकून ती खचेल, असे कोणी म्हणेल. परंतु कुजबुज आणि ओले डोळे तिला कळत नाहीत काय? लपविल्याने भीती जात नाही. तिला ती एकटीने सोसावी लागते, इतकेच. म्हणून आधी तिलाच पुसावे की, तुला किती जाणून घ्यावयाचे आहे? ‘तुम्हीच ठरवा’ असे ती म्हणाली, तर तोही तिचाच निर्णय होय. न पुसता ठरविणे मात्र, आमच्या मते, सेवा नव्हे.