मागच्या सीटवरचा कॅमेरा

परळीकडचा पट्टा सोडला, तर बीड जिल्ह्यात रेल्वे ही बरीच वर्षं ऐकायचीच गोष्ट होती. बीड शहरातून पहिली गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. त्याआधी केजकडच्या माणसाला वाफेचं इंजिन बघायची हौस असेल, तर मांजरा ओलांडून कळंब रोड, ढोकी नाहीतर येडशी गाठावी लागे. तिथून धावायची बार्शी लाईट रेल्वे.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, असा हिशेब धरून हे अडीच फुटी रूळ टाकले. १८९७ मध्ये कुर्डूवाडीहून बार्शी, १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये निजामाच्या मुलखातलं लातूर, १९२७ मध्ये मिरज. गाडी हळू. प्रवासी वैतागत, फोटो काढणारे मात्र त्या संथपणावर खूश असत. कारण एकदा फोटो काढला, की मोटारसायकलला किक मारून रस्त्याने पुढं जायचं, आणि तीच गाडी पुढच्या फाटकावर पुन्हा गाठायची. बालाघाट चढताना तर ती धापा टाकत यायची, तेव्हा घाई करायचंही कारण नसे. थंडीतली सकाळ असली की वाफ पांढरीशुभ्र फुलायची.

पण या पाठलागाला दोघं लागतात. एक मोटारसायकल हाकणार, दुसरा मागं कॅमेरा सांभाळत बसणार. रोलमध्ये छत्तीसच फोटो, म्हणून प्रत्येक खटक्याआधी मसलत, क्वचित भांडणही. मला वाटतं, या मैत्र्या टिकल्या त्या समान आवडीमुळे नव्हे. समान आवडीची माणसं तर कितीतरी भेटतात आणि विसरली जातात. इथं आठवणीची वाटणीच विचित्र झाली. फोटो मागं बसणाऱ्याकडे राहिले. रस्ता, फाटक, उतरून पाणी पाजणारा गँगमन हे सगळं पुढच्याच्या डोक्यात. पुढं वाफ जाऊन डिझेल आलं, आणि या शतकाच्या पहिल्या दशकात कुर्डूवाडी–लातूर मार्ग साडेपाच फुटी झाला. जागा ओळखायला जुने रूळही उरले नाहीत. आता पेटीतला फोटो कुठला, हे विचारायला दुसऱ्यालाच फोन करावा लागतो. उत्तर चुकीचं मिळालं तर आणखी एक फोन.

ब्रिटिश रेल्वेची वाफेची इंजिनं १९६८ मध्ये थांबली, तेव्हा तिकडचे शौकीन भारतात यायला लागले. स्टेशनात कॅमेरा काढायला परवानगी लागायची. कुणीतरी मराठी बोलणारा सोबत असलेला बरा. त्यांच्याही ओळखी अशाच गरजेतून जुळल्या असणार.

बीडच्या नव्या गाडीचे फोटो पोरं मोबाईलवर काढतात. तारीख, वेळ, ठिकाण मोबाईल आपणच नोंदवून ठेवतो. सोय चांगलीच आहे. फक्त एकमेकांना फोन करायचं एक कारण तिनं कमी केलं.