अकीक, साचा आणि श्वासाचा हिशोब

घरात ठेवायची वस्तू आणि अंगावर घालायची वस्तू यांत मोठा फरक आहे. फुलदाणी आपण पाहतो. अंगठी आपल्याबरोबर चालते. ती नमाजला येते, कामावर येते, मय्यतीला खांदा देतानाही बोटात असते. दगड कोरून किंवा साच्यात धातू ओतून केलेला दागिना म्हणजे अंगावर वागवायचे छोटे शिल्पच. अशा शिल्पाबद्दल रसिक मंडळींत एक वाद नेहमी ऐकू येतो : हाताने कोरलेले तेवढे अस्सल, की साच्यातून काढलेलेही अस्सल? आम्हाला वाटते, या वादाचे उत्तर देता येते. पण ते दिल्यावर त्याच्यामागे दडलेला दुसरा, अधिक अवघड प्रश्न समोर उभा राहतो.

अलंकार मुळातच निषिद्ध आहे, असे मानणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. समुद्रातून निघणाऱ्या आणि अंगावर घालायच्या अलंकारांची गणना कुरआनने अल्लाहच्या देणग्यांत केली आहे. अल्लाहने आपल्या बंद्यांसाठी निर्माण केलेली जीनत हराम ठरवणारे तुम्ही कोण, असा सवालही केला आहे. तेव्हा प्रश्न दागिना घालावा की नाही हा नाही. दागिना कसा घडतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा आहे.

आधी घडण्याची रीत पाहू. अकीक ही क्वार्ट्झच्या जातीची चीज. दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकातल्या पोकळ्यांमध्ये ती थराथराने साठत गेली. आपल्या पैठणहून अकिकाचा माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जाई, अशी नोंद पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात आहे. या धंद्याचे आजचे जुने ठाणे म्हणजे गुजरातेतले खंबायत. तिथला कच्चा दगड परंपरेने भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या परिसरातून येतो. तिथल्या टेकडीवर बाबा घोर यांची दर्गाह आहे. सिद्दी समाजाची या स्थानावर श्रद्धा आहे आणि अकिकाच्या धंद्याशी बाबांचे नाव जोडले गेले आहे.

दगड आधी उन्हात वाळवतात, मग मडक्यात घालून मंद आचेवर भाजतात. त्यातल्या लोहाच्या अंशामुळे मळकट दगड लालबुंद होतो. मग जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकाशी तो धरून शिंगाच्या हातोडीने कपच्या उडवतात. अकीक पोलादाला दाद देत नाही, म्हणून घासायला कुरुंदाची भुकटी आणि भोक पाडायला हिऱ्याची कणी लागते. कोरीव कामात गेलेला कण परत लावता येत नाही. हात चुकला की नग गेला.

साच्याचे काम उलट दिशेने चालते. कारागीर मेणात किंवा संगजिऱ्यासारख्या मऊ दगडात मूळ नमुना घडवतो. त्यावरून रबराचा साचा घेतात, साच्यातून मेणाच्या प्रती काढतात. त्या मेणाच्याच दांड्याला फांद्यांसारख्या जोडून त्यांचे झाड करतात. झाडाभोवती प्लास्टरसारखे मिश्रण ओततात, ते भट्टीत तापवतात. मेण वितळून आणि जळून जाते आणि त्याच्या जागी एक पोकळी उरते. त्या पोकळीत चांदी ओततात. प्लास्टर फोडले की दागिने हाती येतात. एका नमुन्यापासून शंभर नग सहज होतात.

आता पहिला प्रश्न. हे शंभर नग नकली म्हणायचे काय? याचे उत्तर आपल्याच इतिहासातल्या एका अंगठीत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी परदेशी राजांना पत्रे पाठवायचे ठरवले, तेव्हा शिक्क्याशिवायचे पत्र ते राजे वाचत नाहीत असे त्यांना सांगण्यात आले. म्हणून त्यांनी चांदीची अंगठी करवून घेतली आणि तिच्यावर ‘मुहम्मद रसूल अल्लाह’ ही अक्षरे कोरवली. मोहोर म्हणजे तरी काय? ती कोरीव कामही आहे आणि साचाही आहे. मोहोरेवर अक्षरे उलटी कोरायची ती ठसा सुलटा उमटावा म्हणून. तिचा जन्मच प्रती काढण्यासाठी आहे, आणि पत्रावर विश्वास बसतो तो त्या प्रतीमुळेच. मात्र हाच मजकूर दुसऱ्या कोणी आपल्या अंगठीवर कोरू नये, असेही प्रेषितांनी बजावले. ठसे कितीही निघोत, मोहोर एकच राहिली पाहिजे.

यातून आम्हाला स्पष्ट दिसते की प्रत काढण्यात पाप नाही. ती कशाची प्रत आहे हे लपवण्यात पाप आहे. ओतीव नग ओतीव म्हणून विकला, कोरीव नग कोरीव म्हणून विकला, तर दोन्ही हलाल. रंगवलेली काच अकीक म्हणून गळ्यात मारली, तर तो मदिनेच्या बाजारातला धान्याचा ढीग झाला. प्रेषितांनी त्या ढिगात हात घातला तेव्हा वर कोरडे आणि आत भिजलेले धान्य लागले. ओले धान्य वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. अस्सल-नकलीच्या वादाचा निकाल एवढ्यावर लागतो.

पण ढिगात हात घातलाच आहे, तर आणखी थोडा खोल घालू या. दगड घासला की धूळ उडते. या धुळीत सिलिका असते. तिचे सूक्ष्म कण श्वासाबरोबर फुफ्फुसात जातात आणि तिथेच राहतात. फुफ्फुसावर वण धरत जातात, माणसाला दम लागू लागतो. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. झालेले नुकसान भरून काढणारे औषध नाही, आणि या रोग्याला क्षयाचा धोकाही अधिक असतो. खंबायतच्या अकीक कारागिरांमधला हा रोग अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय-आरोग्य संस्थेने 1980 च्या दशकापासून अभ्यासला आहे. तरीही काम पुष्कळसे घराघरांतून होत आले. घरातली धूळ कारागीर कोण आणि पाळण्यातले मूल कोण हे पाहत नाही. 1948 च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिसला नोंद करण्याच्या रोगांत घातले होते, पण घराला कारखाना कोण म्हणणार?

मग ओतीव दागिना घ्यावा, असे कोणी म्हणेल. मेणाभोवती ओततात त्या प्लास्टरच्या भुकटीतही सिलिकाच असते. ती कोरडी कालवताना आणि भाजलेले प्लास्टर कोरडेच फोडताना तीच धूळ उडते. म्हणजे घडीव आणि ओतीव यांत रसिक कितीही भेद करोत, फुफ्फुसाला तो भेद ठाऊक नाही.

बादशाही काळातल्या एका पाचूची गोष्ट सांगण्यासारखी आहे. 217.80 कॅरटचा हा पाचू एका बाजूला दुआच्या अक्षरांनी आणि दुसऱ्या बाजूला फुलांनी कोरलेला आहे. अंगावर बांधता यावा म्हणून त्याला भोके आहेत. त्यावर हिजरी 1107, म्हणजे इसवी सन 1695-96 हे साल आहे. 2001 साली लंडनच्या लिलावात तो 15 लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला. वजन, साल, किंमत, सगळे नोंदले गेले. अक्षरे कोरणारा हात कोणाचा, हे विचारायची गरज कोणाला वाटली?

यावर तीन आक्षेप येतील आणि तिन्ही दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. पहिला असा, की आपण अकीक घेणे सोडले तर त्या कारागिराची चूल विझेल. हे खरे आहे, म्हणून आम्ही खरेदी सोडायला सांगत नाही. दुसरा असा, की कारागीर हे काम समजून उमजून करतो. पण मजुरी नगावर असेल आणि संध्याकाळी घरात पीठ आणायचे असेल, तर त्या समजण्याला संमती म्हणता येईल का? भुकेने दिलेली संमती आम्ही संमती मानत नाही. तिसरा असा, की दुकानापर्यंत आलेल्या अंगठीचा कारागीर गिऱ्हाइकाला कसा कळावा? कळत नाही हे खरे. पण चांदी किती टक्के, खडा खरा की खोटा, हे आपण खोदून खोदून विचारतो आणि ते कळतेही. जे विचारतच नाही, ते कळायचे कसे?

उपाय अगदी अज्ञात आहेत असेही नाही. दगडावर पाणी सोडत घासला तर बरीचशी धूळ जागीच बसते. घासण्याची जागा राहत्या घरापासून वेगळी असली, धूळ ओढून घेणारा पंखा असला, प्लास्टर भिजवून फोडले, तर धोका पुष्कळ कमी होतो. पूर्ण जात नाही. यासाठी वेळ लागतो, नग कमी निघतात, खर्च वाढतो. तो खर्च कोणी सोसायचा, हाच तो अवघड प्रश्न. आज तो कारागीर सोसतो आणि श्वासाने फेडतो. आमच्या मते तो व्यापाऱ्याने आणि घालणाऱ्याने वाटून घेतला पाहिजे. मजुराची मजुरी त्याचा घाम सुकण्याआधी द्या, ही शिकवण आपण मिंबरावरून ऐकत आलो आहोत. घाम तरी सुकतो. फुफ्फुसातली धूळ तिथेच राहते, आणि ती मजुरीत कोणी धरलेली नसते.

दागिन्याचा हिशोब ठेवायची सवय आपल्याला आहेच. वापरातल्या सोन्याचांदीवर हनफी जकात देतात, कोकणातले आपले शाफई बांधव अशा दागिन्यावर ती लागू मानत नाहीत. दोन्ही मतांना आधार आहे, आणि रमजान आला की घराघरांत तोळे मोजले जातात. खडा व्यापाराचा माल नसेल तर त्यावर दोघेही जकात लावत नाहीत. म्हणजे बोटातला अकीक जकातीच्या हिशोबातून सुटतो. पण जकातीतून सुटला म्हणून तो हक्कुल इबादमधून, म्हणजे बंद्याच्या बंद्यावरच्या हक्कातून सुटत नाही. हा हक्क ज्याचा त्यानेच माफ करायचा असतो, असे आपण मानतो. तो माणूस कुठल्या तरी घराच्या ओसरीत, तोंडाला फडके बांधून दगड घासत बसला आहे.

बरकतीसाठी अकीक घालणाऱ्याने बरकत मागण्याआधी दुकानदाराला एवढे तरी विचारावे : हा दगड पाण्याखाली घासला, की कोरडा?