पेत्राची नजर



आजच्या शुभवर्तमानात (मत्तय, अध्याय १४) पेत्र पाण्यावरून चालतो, वारा पाहून भितो आणि बुडू लागतो. वारा कुणाला दिसतो? त्याला दिसल्या त्या उसळत्या लाटा. येशूवरची नजर हटली म्हणून पेत्र बुडाला, असे आम्ही धर्मगुरू नेहमी सांगतो. मीही सांगितले आहे. आता ते मला अपुरे वाटते.

मिस्सेनंतर एक भगिनी भेटल्या (त्यांच्या परवानगीने लिहीत आहे). म्हणाल्या, "फादर, सासूबाई घरात दोनदा पडल्या. मिस्सेत माझे डोळे वेदीकडे कमी, फोनकडेच जास्त. असे येण्यापेक्षा न आलेले बरे." त्यानंतर त्या आल्या नाहीत.

त्या पडण्यामुळे मी या विषयावर थोडे वाचले. आपण स्तब्ध उभे आहोत असे वाटते तेव्हाही शरीर किंचित डोलतच असते. डोळे, आतला कान आणि पायांचे स्नायू-सांधे मेंदूला खबर देतात व तो तोल सावरतो. वयोमानाने कान आणि पाय कमजोर झाले की सारी भिस्त डोळ्यांवर येते. (म्हणून ज्येष्ठांनो, रात्री उठताना आधी दिवा लावा. विजेच्या बिलाची काळजी नंतर.) १९७४ साली एडिनबरो विद्यापीठाच्या डेव्हिड ली यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. नुकत्याच उभ्या राहू लागलेल्या बाळांभोवतीच्या भिंती हलवल्या, जमीन मात्र स्थिर ठेवली. तरी बाळे डगमगली, काही पडलीसुद्धा.

पण याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. उभ्या माणसाने एका स्थिर वस्तूवरून दुसऱ्या स्थिर वस्तूकडे झटकन नजर नेली, तर डोलणे सहसा वाढत नाही. काही प्रयोगांत ते उलट कमी झाले. सरकत्या वस्तूचा नजरेने सलग पाठलाग केला, की मात्र ते वाढते.

पेत्र तर कोळी. लाटा पाहण्यातच त्याचे आयुष्य गेलेले. त्याने लाटांकडे पाहिले यात दोष कसला? मला वाटते, त्या रात्री त्याची नजर लाटांबरोबर वाहत गेली. आपणही "आता काय होईल, मग काय होईल" या विचारामागे असेच वाहत जातो. या भगिनीची नजर तशी नाही. ती वेदीवरून सासूबाईंकडे जाते आणि पुन्हा वेदीकडे येते. तिला मी अविश्वास म्हणणार नाही. शिवाय येशूने पेत्राला आधी हात दिला, प्रश्न मग विचारला.

मंगळवारी सासूबाईंना ख्रिस्तशरीर देण्यासाठी मी त्यांच्या घरी जाणार आहे. सूनबाईंना सांगेन, दाराजवळच्या बाकावर बसा, फोनचा आवाज बंद करून तो खुशाल मांडीवर ठेवा. रविवारी सकाळी तासभर आजींजवळ बसायला कुणी तयार असेल, तर त्याआधी मला येऊन भेटा.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू