जिवाची उंची

मी दौंडचा, रेल्वे कॉलनीत वाढलेला. घर वारकऱ्यांचं. तुकोबांची पालखी यवत-वरवंडला मुक्कामी आली की पिठलं-भाकरी वाढायला आम्ही पोरं हजर. आत्मा सगळीकडे भरलेला, त्याला माप कसलं, हे आमच्याकडे न शिकवताच कळतं. त्यामुळे ‘जीव केवढा?’ हा प्रश्न मला पडलाच नव्हता. तो शिरूरला, म्हणजे जुन्या माणसांच्या घोडनदीला, एका जैन मित्राच्या घरी पडला.

त्याच्यासाठी मी आयफोनचं एक छोटं अ‍ॅप करत होतो. त्यात चातुर्मासातल्या सूचना दाखवायच्या होत्या. एखादी एका ओळीची, तर तपस्वींच्या नावांची पंधरा ओळींची. पूर्वी यादीतल्या प्रत्येक सेलची, म्हणजे एका सूचनेच्या चौकटीची, उंची आपणच आधी सांगायची. नाही सांगितली तर 44 पॉइंट. त्यात लांब सूचना मावत नाही, प्रवचनाची वेळ तीन टिंबांत गडप होते. 2014 साली आयओएस 8 आल्यापासून सेल स्वतःची उंची स्वतः काढतो. अंदाजे उंची द्यायची, ओळींची मर्यादा शून्य करायची आणि मजकूर सेलच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत सलग बांधायचा. मधला एक दुवा सुटला की संपलं, सेल पुन्हा 44 वर.

मित्राच्या वडिलांनी फोनमधली अक्षरं मोठी केली. सगळे सेल भराभर ताणले गेले. काका खूश. म्हणाले, “आमचा जीव असाच रे. हत्तीत हत्तीएवढा, मुंगीत मुंगीएवढा.”

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात याला दिव्याचा दाखला आहे: खोलीत ठेवला तर उजेड खोलीभर, मडक्याखाली झाकला तर मडक्यापुरता. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात हे मत खोडून काढलं. जे लहान-मोठं होतं ते विकारी, विकारी ते अनित्य; मग मोक्ष मिळवणार कोण? जैनांचं उत्तर असं की जिवाचे प्रदेश, म्हणजे सूक्ष्म अंश, असंख्य, पण त्यांची संख्या कधीच बदलत नाही. बदलतो तो पसारा. काकांच्या फोनवर हेच दिसत होतं. सूचनेतला एक काना-मात्राही बदलला नव्हता.

तरी मी म्हटलं, “काका, इथं उलटं आहे. आमच्याकडे मजकूर ठरवतो आणि सेल ऐकतो. तुमच्याकडे शरीर नामकर्मानं, म्हणजे देह घडवणाऱ्या कर्मानं, ठरतं आणि जीव त्यात मावतो.”

काकांनी फोन आडवा केला. लांब सूचना आखूड झाली. “मग रुंदी कोण ठरवतं?”

रुंदी पडदाच ठरवतो. तिथं मजकुराचं काही चालत नाही. मिळालेल्या रुंदीत तो आधी दुमडतो आणि मगच उंची मागतो.

त्यांनी पुढे सांगितलेलं मात्र माझ्या कोडमध्ये कुठेच बसत नाही. सिद्ध, म्हणजे मुक्त, झालेल्या जिवालाही आकार असतो, शेवटच्या शरीराच्या दोन तृतीयांश. शरीर गेल्यावर तो विश्वभर का पसरत नाही? पसरवणारं आणि आवळणारं कर्मच उरलेलं नसतं म्हणून. माझा सेल तर पडद्याबाहेर गेला की पुढच्या सूचनेसाठी वापरला जातो. जुनं पुसलं नाही तर ते नव्यात डोकावतं. तो फार तर पुनर्जन्म झाला. मुक्ती नव्हे.

मोक्षानंतरही वेगळेपण आणि माप टिकतं, हे माझ्या वारकरी मनाला अजून पचत नाही. अ‍ॅपनं जैन मत सिद्ध झालं असंही कुणी म्हणू नये. पण ‘आकार बदलतो म्हणून नाशवंत’ हा शंकराचार्यांचा युक्तिवाद मला आता अपुरा वाटतो.